वीस मार्चच्या आत

१२ जानेवारी, सोमवार

काल संध्याकाळी प्र. येताना सोबत राऊतभाऊंना घरी घेऊन आले. मला आधी काही सांगितलं नव्हतं. राऊतभाऊ पूर्वी ह्यांच्याबरोबर सरीगामच्या कंपनीत होते, आता विम्याचं काम करतात. मला वाटलं, ह्यांच्यासाठीच आले असतील. पण पिशवीतून कागद काढले आणि ठेवले माझ्यापुढे.

"वहिनी, जन्मतारीख?"

वीस मार्च. सत्तेचाळीस पुरी होतील.

"मग वीस मार्चच्या आत करून टाकू. वय बदललं की हप्ता बदलतो."

मुदतीचा विमा. मी आहे तोवर काही मिळायचं नाही, मी गेले की मिळणार. हे त्यांनी इतकं हसत सांगितलं की मीही हसले. मग चहा ठेवायला आत गेले. बाहेर प्र. विचारत होते, "अपघात असेल तर दुप्पट ना?"

"दुप्पट. आणि वहिनी तर रोज हायवेने तलासरीला जातात."



चहात साखर घातली की नाही आठवेना. दोनदा घातली. दोघांनी तसाच पिऊन टाकला.


१६ जानेवारी, शुक्रवार

अकराच्या सुमारास ग्रामपंचायतीच्या ऑफिसात पुन्हा भूकंपाचा धक्का, जमीन हलली. दोन सेकंद असेल. तिळगुळाचा डबा टेबलाच्या कडेपर्यंत सरकला. संगणकावर बसणारी कल्पना पर्स उचलून माझ्या आधी बाहेर. इतक्या वर्षांत लोकांना सवय झालीय, पण पाय आपोआप दाराकडे जातात. बाहेर पिंपळाखाली सगळे उभे राहिलो, कोणाला फोन नाही, काही नाही. मग परत आत.

राऊतभाऊ जाताना म्हणाले होते, "तुमच्या ऑफिसकडे तर जमीनच हलते वहिनी, तुम्ही आधीच काढायला हवा होता."

हे विनोदाने म्हणाले होते. प्र. हसले नाहीत.


२० जानेवारी, मंगळवार

आज लक्ष्मण आला होता. वरच्या पाड्यावरचा. भात, नाचणी करतो, बाकीचे महिने मजुरीला जातो. त्याची बायको विहिरीत पडून गेली, नऊ दिवस झाले. मृत्यूची नोंद करायची होती. नाव, वय, ठिकाण, मी नेहमीसारखं विचारत गेले. वय अडतीस.

"दाखला लवकर भेटेल का मॅडम? विम्याला लावायचा आहे."

विमा कधी काढला, असं मी विचारलं. ग्रामपंचायतीला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तरी विचारलं.

"गेल्या पावसाळ्यात."

पोलिसांचा कागद होता, सरकारी दवाखान्याचा होता. सगळं नियमात. पंधरा वर्षं ह्या नोंदी करतेय. साप, ट्रक, बाळंतपण, विहीर. आज मात्र मध्येच थांबले, आणि तो माझ्याकडे बघत राहिला.

तो गेल्यावर कल्पना म्हणाली, बाईच्या भावाचं म्हणणं वेगळंच आहे म्हणे.


२३ जानेवारी, शुक्रवार

जेवताना प्र. म्हणाले, "राऊतला काय सांगू?"

मी म्हटलं, "माझाच कशाला? तुमचा काढा आधी. घरातल्या पुरुषाचा आधी काढतात."

"माझा कंपनीचा आहे."

"तो नोकरी आहे तोवर. आणि तो कितीसा?"

 ताटात अर्धी भाकरी तशीच होती. त्यांनी उठून हात धुतले. ऋचा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. बारावीची परीक्षा तोंडावर आलीय, तिच्यासमोर नको म्हणून मी विषय सोडला.


२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन, मग ग्रामसभा. पाणी, घरकुलं, रस्ता, नेहमीचंच. सभा संपत आली तेव्हा लक्ष्मणच्या बायकोचा भाऊ उभा राहिला. शांत माणूस, आवाज अजिबात चढवला नाही.

"माझ्या बहिणीच्या नावावर विमा काढला. सहा महिन्यांत बहीण गेली. एवढंच मला सांगायचं आहे. लिहून घ्या."

लक्ष्मण मागे भिंतीला टेकून बसला होता. मान खाली.  बोलला असता तर बरं झालं असतं. सरपंच म्हणाले, हा विषय सभेचा नाही. मी लिहून घेतलं नाही.

घरी आले तर प्र. दारातच उभे. "उशीर झाला? फोन का उचलला नाहीस?" तीन मिस्ड कॉल होते. पूर्वी कधी एकही नसायचा.


३० जानेवारी, शुक्रवार

ह्या आठवड्यात घडलेलं:

प्र.नी गॅसचं कार्ड माझ्या नावावर करून आणलं. वीजमीटरचा अर्ज भरून ठेवलाय, तिथेही माझं नाव.

चिकूच्या वाडीतली पाण्याची मोटर कशी सुरू करायची, फ्यूज गेला तर काय करायचं, हे मला आणि ऋचाला उभं करून शिकवलं. एकवीस वर्षांत मी त्या मोटरला हात लावलेला नाही. लावू दिलेला नाही.

काल येताना उतारावर स्कूटीचा मागचा ब्रेक लागला नाही. पुढच्या ब्रेकवर कशीबशी थांबले, पुढे टँकर होता. घरी सांगितलं. प्र. क्षणभर पांढरे पडले. मग म्हणाले, "किल्ली दे," आणि लगेच गाडी घेऊन डहाणू रोडला गेले. दोन तासांनी आले. ब्रेक घट्ट.

मनात आलं ते लिहीत नाही.


३ फेब्रुवारी, मंगळवार

लिहिते. नाहीतर डोक्यातून जाणार नाही.

नऊ जानेवारीला गाडी सर्व्हिसिंगला ह्यांनीच नेली होती. अकराला राऊतभाऊ घरी आले. अपघात असेल तर दुप्पट, हे ह्यांनीच विचारलं.

प्र. असे नाहीत. मुंगीलासुद्धा बाजूला करून पाय ठेवणारा माणूस. पण लक्ष्मणही असाच दिसतो, आणि कोण कसा आहे हे नोंदीच्या वहीत लिहिलेलं नसतं.

आज स्कूटी घरी ठेवली. डोकं दुखतंय सांगून शेअर रिक्षाने गेले. आमच्या आगरहून डहाणू रोड, तिथून तलासरीची गाडी. प्र. म्हणाले, "हेच बरं. रोज असंच जात जा."

काय समजायचं ह्यातून?


१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. दोघांचा उपास. राऊतभाऊ फॉर्म भरूनच घेऊन आले. म्हणाले, प्रकाशभाऊंनी सगळी माहिती दिली, तुम्ही फक्त खुणेवर सही करा. मी म्हटलं, वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही मला, नोकरीत तेच शिकलेय.

वाचायला बसले. दोघं समोर.

नॉमिनीचा रकाना आला. मी तिथे "प्रकाश, पती" असंच वाचणार होते. डोळे आधी तेच वाचून मोकळे झाले होते. लिहिलं होतं: ऋचा, मुलगी. ती अठराची नाही म्हणून तोवर पैसे सांभाळणारा माणूस द्यायचा असतो. तिथे माझ्या दादाचं नाव. वरोरचा पत्ता.

ह्यांचं नाव कुठेच नाही.

पुढच्या पानावर विवाहित स्त्रियांसाठी प्रश्न होता. पतीच्या नावावर पॉलिसी आहे का? नाही. नसल्यास कारण? मोकळं.

"इथे काय लिहायचं?" मी विचारलं.

साधा प्रश्न. पण राऊतभाऊंनी माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे बघितलं. हे खिडकीकडे बघत होते.

"लिहा, गरज वाटली नाही," प्र. म्हणाले.

मी फॉर्म मिटला. साबुदाणा लागेल खाली म्हणून उठले.


१६ फेब्रुवारी, सोमवार

पहिल्यांदा हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू. बसमध्ये डोळ्यांत पाणी आलं इतकं हायसं वाटलं. ह्यांना माझ्या मरणातलं काही नको आहे. आणि मी त्यांच्याबद्दल काय विचार करत होते महिनाभर. ज्या माणसाने माझा ब्रेक नीट करून आणला त्याच्याबद्दल.

मग चारोटी यायच्या आत हायसं वाटणं संपलं.

मी मेल्यावर ऋचाचे पैसे दादाने का सांभाळायचे? तिचा बाप असताना?

गॅस माझ्या नावावर. मीटर माझ्या नावावर. मोटर.

संध्याकाळी त्यांचा पट्टा खुंटीवर होता. हातात घेतला. मूळची भोकं सोडून आत आणखी दोन भोकं पाडलेली. खिळा तापवून पाडलेली, कडा जळलेल्या. कधी पाडली? मी रोज त्यांचे कपडे धुते, घड्या घालते. मला दिसलं नाही.


१८ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून लवकर निघाले, राऊतभाऊंच्या घरी गेले. डहाणू रोडला स्टेशनच्या पश्चिमेला राहतात. बायको बाहेर गेली होती, एकटेच होते. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"ह्यांचा फॉर्म तुम्ही आधी भरला होता. हो की नाही?"

खूप वेळ टॉवेलने हात पुसत राहिले. मग म्हणाले, "नोव्हेंबरात. दिवाळी झाल्यावर. भाऊच माझ्याकडे आले, म्हणाले मोठा काढ. रक्त तपासलं, सगळं तपासलं. आणि कंपनीने परत पाठवलं."

"म्हणजे?"

"सध्या विमा देता येत नाही, असं पत्र. कारण आम्हाला सांगत नाहीत वहिनी. रिपोर्ट पाकिटात येतो, ज्याचा त्याला. मी ते पाकीट भाऊंच्या हातात दिलं."

"तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं. म्हणाले, आता हिचा काढून दे."

खाली उतरताना त्यांनी हाक मारली. "मी सांगितलं असं सांगू नका हं. आणि वहिनी, वीस मार्च लक्षात ठेवा."

ह्या माणसाचा राग तरी कसा करायचा.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंतीची सुट्टी. वरोरला गेले. दादा जाळं शिवत बसला होता, वहिनी बोंबील वाळत घालत होती. मला बघून दादाने सुई खाली ठेवली. मी काही विचारायच्या आधीच त्याला कळलं.

"तुला सांगितलं त्यांनी?"

"नाही. तुला काय सांगितलं?"

"जानेवारीत आले होते. किनाऱ्यावर बसलो आम्ही. म्हणाले, दादा, ऋचाकडे लक्ष ठेवाल ना. मी म्हटलं, असं काय बोलता दाजी. तर म्हणाले, नुसतं विचारून ठेवतोय."

"आणि तू मला फोन केला नाहीस."

"त्यांनी शपथ घातली गं."

राऊतभाऊंना माहीत. दादाला माहीत. वहिनीने खाली बघितलं, म्हणजे तिलाही माहीत. मी ह्या घरात जन्मले आणि त्यांच्या घरात राहते, आणि मला पट्ट्यावरून कळलं.

वहिनीने बांधून दिलेले बोंबील रिक्षातच विसरले.


२२ फेब्रुवारी, रविवार

ऋचा क्लासला. आम्ही दोघं वाडीत. प्र. जाळी लावलेल्या बांबूने चिकू उतरवत होते, मी खाली टोपलीत रचत होते. ते दर चार-पाच चिकूंनंतर थांबत होते. खांदा दुखतो म्हणाले.

मी खाली बघतच विचारलं, "नोव्हेंबरात काय झालं?"

बांबू वरच थांबला.

"राऊतने सांगितलं?"

"रिपोर्ट कुठाय?"

"आहे."

"काय आहे त्यात?"

त्यांनी बांबू खाली घेतला. मग म्हणाले, "उघडला नाही."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तू तीन महिने ते पाकीट तसंच ठेवलंस?"

एकवीस वर्षांत पहिल्यांदा तोंडातून 'तू' आलं. दोघांच्याही लक्षात आलं. दोघांनीही तसंच राहू दिलं.

ते टोपलीशेजारी खाली बसले. जमिनीकडे बघत बोलत होते. "त्यांनी नाही म्हटलं ना. मग आत काय बघायचं. बाबांचं बघितलंय मी. असेच वाळत गेले, वर्षभरात. मी एकोणीसचा होतो. कॉलेज सोडून कंपनीला लागलो ते अजून तिथेच आहे. ऋचाचं तसं व्हायला नको."

"ऋचाला मी आहे. मला नोकरी आहे."

"तू आहेस म्हणूनच सांगतोय. मी नसलो की तिला तू एकटी. आणि तू रोज त्या हायवेवर जातेस. तुझं काही झालं तर तिला कोण? माझा कोणी काढत नाही. तुझा तरी असू दे."

 त्यांनी किती नीट विचार केला होता. कंपनीत शिफ्टचा तक्ता लावतात तसा. त्यात ते स्वतः कुठेच नव्हते.

"सही कर. मग मी पाकीट उघडतो."

"आधी पाकीट."

"आधी सही."

"आधी पाकीट आणि डॉक्टर."

लहान पोरांसारखं चाललं होतं. शेवटी उठले, खोपटात गेले, फवारणीच्या पंपाच्या खोक्यातून पाकीट काढून आणलं. मीच फाडलं. दोन पानं आकड्यांची. चार ठिकाणी आकडे ठळक, पुढे चांदणी. दोघं डोकं जवळ आणून बघत राहिलो. काही समजलं नाही. चांदणी चांगली नसते एवढं समजलं.

उरलेले चिकू झाडावरच राहिले.


२६ फेब्रुवारी, गुरुवार

डहाणूचे डॉक्टर. ऋचाच्या जन्मापासून तेच बघतात, घरच्यासारखे. रिपोर्ट बघितला. मग तारीख बघितली. मग चष्मा काढून ह्यांच्याकडे बघितलं, पण रागावले नाहीत. रागावले असते तर मला धीर आला असता.

टेबलावर झोपवून पोट दाबून बघितलं. उजव्या बाजूला. पुन्हा तिथेच. "इथे दुखतं?" "नाही." "इथे?" प्र. नाही म्हणाले, पण पायाची बोटं आखडली. मला दिसली.

नवीन रक्त, सोनोग्राफी, फोटो. "वलसाडला माझ्या ओळखीचे आहेत, चिठ्ठी देतो."

"काय आहे डॉक्टर?"

"आत्ता काही म्हणत नाही. आधी त्यांना बघू द्या."

मग मला म्हणाले, "मॅडम, तुमचं वजन, बीपी केलंय का एवढ्यात? करून घ्या." हे का म्हणाले? मी धडधाकट आहे.

ऋचाला सांगायचं नाही, पेपर संपेपर्यंत. हे आमचं दोघांचं न बोलताच ठरलं.


५ मार्च, गुरुवार

लक्ष्मण दाखला न्यायला आला. होळीला गावात फिरला नाही म्हणे, कोणी बोलावलं नाही. दाखला देताना मी त्याला नाव वाचून दाखवलं, चूक नको म्हणून. त्याने कागदावरच्या नावावर बोट ठेवलं आणि ठेवूनच राहिला.

"मॅडम, विमा दोघांच्या नावावर काढलेला. बँकेतल्या साहेबांनी सांगितलं म्हणून. मला वाटलं होतं, मीच आधी जाणार. मी झाडावर चढतो, कामाला लांब जातो. ती तर घरीच असायची."

खरं की खोटं, मला कळत नाही. पोलीस बघतील. पण मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. जानेवारीत दिलं नव्हतं.

दुपारी पुन्हा हलली जमीन. छोटा धक्का. कोणी उठलं नाही. मी उठले.


१२ मार्च, गुरुवार

वलसाडला दोनदा जाऊन आलो. मशीनमध्ये घातलं, सुई घालून तुकडा काढला. प्र. कंपनीत सांगतात, वाडीचं काम आहे. ऋचाला सांगतो, दादाच्या बोटीच्या कागदांचं काम आहे. खोटं किती सोपं जमतं.

आज ऋचा पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "आई, बाबा बारीक झालेत ना?"

"उन्हाळा लागला की होतातच ते."

तिने मान खाली घातली. पुन्हा वाचायला लागली. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

राऊतभाऊंचा फोन. "वहिनी, आठ दिवस राहिले."

फॉर्म देवघराच्या खालच्या फळीवर आहे. प्र. रोज सकाळी बघतात, तिथेच आहे का, सही झाली का. विचारत नाहीत. आज मीच पेन घेऊन बसले. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. मी उलटसुलट करून बघितलं, कुठेच चूक सापडत नाही. ऋचासाठी मी एकटीच उरणार असेन तर माझ्यामागे काही असायला हवं.

पण तो 'असेन तर'. सही केली म्हणजे त्यांचं जाणं मी मान्य केलं. त्या फॉर्मवर त्यांना वगळून घर मांडलंय आणि खाली मी लिहून द्यायचं की वरील माहिती खरी आहे. मी पंधरा वर्षं मेलेल्या माणसांच्या नोंदींखाली सही करतेय. जिवंत माणसाची अशी कशी करू?

पेन टोपण लावून ठेवून दिलं.

प्र. आंघोळ करून आले, बघितलं. केस विंचरताना एकदम म्हणाले, "पंपाला नवीन वॉशर आणून ठेवलाय. निळ्या डब्यात." मी म्हटलं, "मला कशाला सांगता, तुम्हीच बसवा." फार जोरात म्हटलं. ऋचा दारात येऊन उभी राहिली.


१८ मार्च, बुधवार. वलसाड

ही वही पहिल्यांदाच बाहेर आणलीय. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसलोय. दादाने ओळखीतली गाडी करून दिली, सकाळी सहाला निघालो. तलासरीवरून जाताना मी ऑफिसच्या रस्त्याकडे बघितलं, प्र. माझ्याकडे बघत होते.

उद्या पाडवा. परवा वीस तारीख. ऋचाचा शेवटचा पेपर आज. अकराला सुरू झाला असेल.

फॉर्म पर्समध्ये आहे. मी आणला नव्हता, निघताना प्र.नी ठेवला.

रिपोर्ट आलाय एवढं खिडकीवरच्या मुलीने सांगितलं. सकाळपासून मी बघतेय. नर्स दार उघडते, एक नाव घेते, पेशंट उठतो, एकटाच आत जातो. बरोबरचे बाहेर बसून राहतात. एक म्हातारे गेले, एक माझ्या वयाची बाई गेली, पारडीचा एक मुलगा गेला. सगळे एकेकटे. दहा मिनिटांत बाहेर.

आत्ता नर्स आली. नाव घेतलं. प्र. उठले. ती त्यांना थांबवून माझ्याकडे वळली.

"बेन, पाच मिनिट. पछी बन्ने साथे आवजो."

दोघं बरोबर या.

प्र. परत बसले. हात गुडघ्यांवर ठेवले. अंगठी बोटात फिरवत होते, ती आता सहज फिरते. मग म्हणाले, "आत जायच्या आधी सही करून टाक. ऐक माझं. आत गेल्यावर तू करणार नाहीस."

मी पर्स उघडली. फॉर्म मांडीवर घेतला, त्यावर ही वही, आणि पेन काढलं.

ते शेजारी बसलेत. हात चालताना दिसतोय त्यांना. त्यांना वाटतंय मी फॉर्मच भरतेय.